काळा आजार ओळखणारे डॉक्टर : सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी



फेब्रुवारी महिना आला की आपल्या शाळेत मुलांना जंतनाशक गोळी देण्याचा कार्यक्रम होतो. २०१५ पासून शासनाच्या वतीने हा कार्यक्रम चालू झाला. दर वर्षी काही पालक मला येऊन विचारतात की आमच्या मुलाला पोटाचा काहीच त्रास नाही, मग गोळी कशासाठी? त्यांना उत्तर देताना मला स्वतःची एक चूक आठवते, ती आज येथे सांगते.

पंचवीस एक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा प्राचार्य नव्हते, सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवत होते. वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. तिसऱ्या तासापासून त्याचे डोळे मिटू लागायचे. खेळाच्या तासालाही तो झाडाखाली बसून राहायचा. मी दोन-तीनदा रागावले. सहामाहीच्या प्रगतिपत्रकावर मी लिहिले की मुलगा आळशी आहे, अभ्यासात लक्ष देत नाही. त्याच्या आईने काही न बोलता सही करून पत्रक परत पाठवले. पुढे दोन महिन्यांनी तो चक्कर येऊन पडला, तेव्हा डॉक्टरांनी तपासणी केली. त्याच्या आतड्यात अंकुशकृमी होते आणि अंगात रक्त अगदी कमी राहिले होते. औषध घेतल्यावर तोच मुलगा मैदानावर पळू लागला. त्याला कोणता रोग आहे हे न ओळखणे हा माझा दोष नव्हता, मी काही डॉक्टर नव्हे. पण काही न विचारता, न तपासता मी त्याला एक नाव देऊन टाकले होते, आणि ते नाव चुकीचे होते.

याच महिन्याच्या ६ तारखेला एका थोर भारतीय डॉक्टरांची पुण्यतिथी असते. त्यांचे पुष्कळसे आयुष्य एका अशा रोगामागे गेले, ज्याला मोठमोठ्या विद्वानांनी अनेक वर्षे चुकीचे नाव दिले होते. त्यांचे नाव सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी. आपल्या इंदूरशीही त्यांचा संबंध आला होता, तो पुढे सांगते. या अंकात त्यांच्या जीवनाची ओळख करून देत आहे.

जमालपूरचा मुलगा

उपेंद्रनाथांचा जन्म १९ डिसेंबर १८७३ रोजी झाला आणि ते बिहारमधील जमालपूर येथे शिकले. जमालपूर हे रेल्वेचे गाव. तेथे ईस्ट इंडियन रेल्वेचा मोठा कारखाना होता आणि उपेंद्रनाथांचे वडील नीलमणी ब्रह्मचारी रेल्वेत डॉक्टर होते. आईचे नाव सौरभसुंदरी देवी. कुटुंब मूळचे बंगालमधील बर्दवान जिल्ह्याचे, पण मुलाचे शालेय शिक्षण जमालपूरच्या रेल्वेच्या शाळेतच झाले. आपला प्रांत सोडून नोकरीसाठी दुसरीकडे येऊन स्थायिक झालेल्या घरांतील मुलांना हे वातावरण परिचयाचे वाटेल.

पुढे ते हुगळीच्या कॉलेजात गेले आणि १८९३ मध्ये बी. ए. झाले. त्यांचे विषय गणित आणि रसायनशास्त्र. लगेच दुसऱ्या वर्षी त्यांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून रसायनशास्त्रात एम. ए. केले. आचार्य प्रफुल्लचंद्र राय तेव्हा त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. त्यानंतर उपेंद्रनाथ वैद्यकाकडे वळले. १९०० मध्ये एम. बी.च्या परीक्षेत ते औषधशास्त्र आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत पहिले आले. १९०२ मध्ये एम. डी. आणि १९०४ मध्ये रक्तातील तांबड्या पेशी कशा फुटतात या विषयावर पीएच. डी. असा त्यांचा क्रम आहे.

अकरावीत विषय निवडताना आपल्याकडे गणित घ्यायचे की जीवशास्त्र यावर घरोघरी वाद होतात. या डॉक्टरांनी आधी गणित आणि रसायन शिकून मग रोगी पाहिले. त्यांच्या सर्वांत मोठ्या कामात रसायनशास्त्राचाच उपयोग झाला, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

चार विद्वान, वेगवेगळी मते

आता त्या रोगाविषयी. त्याचे नाव काळा आजार. हे नाव मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही, दोन्ही शब्द आपलेच आहेत. हिंदीत कालाजार म्हणतात. या रोगात ताप येतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. पोटाच्या डाव्या बाजूची प्लीहा, जिला आपल्या घरांत पांथरी किंवा तिल्ली म्हणतात, ती वाढत जाते आणि पोट पुढे येते. हातपाय काडीसारखे होतात, रक्त कमी होते, त्वचा काळवंडते. औषध न मिळाल्यास बहुतेक रोगी दगावतात.

एकोणिसाव्या शतकात या रोगाने बंगाल आणि आसामात फार मोठी हानी केली. १८२४-२५ च्या सुमारास जेसोर भागात अशा तापाची साथ आली होती. पुढे १८६० नंतरच्या काळात बर्दवानमध्ये साथ आली आणि त्या तापाला बर्दवानचा ताप असेच नाव पडले. १८७५ नंतर हा रोग आसामात गारो टेकड्यांच्या पायथ्याशी दिसू लागला आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून वर सरकत गेला. नौगाव जिल्ह्यात १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत लोकसंख्या जवळजवळ एक चतुर्थांशाने घटली. इंग्रज आले आणि त्यांच्याबरोबर हा रोग आला असे गारो लोकांना वाटे, म्हणून ते त्याला सरकारी आजार म्हणत.

सरकारने मोठे विद्वान पाठवले. १८९० च्या सुमारास डॉ. जाइल्स यांनी रोग्यांची तपासणी केली. त्यांना पुष्कळांच्या आतड्यात अंकुशकृमी सापडले. अंकुशकृमीने रक्त कमी होते आणि येथेही रक्त कमी झालेले होते, म्हणून काळा आजार म्हणजे अंकुशकृमींचा रोग असे त्यांनी ठरवले. नंतर १८९६-९७ मध्ये डॉ. लिओनार्ड रॉजर्स गेले. त्यांच्या मते हा मलेरियाचाच एक भयंकर प्रकार होता. त्यानंतर सर्वांत मोठे नाव म्हणजे डॉ. रोनाल्ड रॉस. त्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी शोधून काढले होते आणि त्यासाठी त्यांना पुढे नोबेल पुरस्कार मिळाला. तेही १८९८ मध्ये आसामात गेले आणि त्यांनीही हा मलेरियाच असल्याचे मान्य केले. १९०२ मध्ये डॉ. बेंटली यांनी माल्टा तापाशी त्याचा संबंध जोडला.

मुलांनो, हे सगळे डॉक्टर अज्ञानी होते असे समजू नका. त्यांनी जे पाहिले ते खरे होते. ज्याच्या आतड्यात जाइल्स यांना कृमी दिसले, त्याच्या आतड्यात कृमी होतेच. ज्याच्या रक्तात मलेरियाचे परजीवी दिसले, त्याला मलेरियाही होताच. गरीब मजुराच्या शरीरात एकाच वेळी दोन-तीन रोग राहू शकतात. पहिला सापडला की तपासणारा थांबतो आणि दुसरा, जो जीव घेणार आहे, तो तसाच राहून जातो. मलेरिया समजून रोग्यांना क्विनीन दिले जाई. त्याने मलेरिया बरा होई, पण ताप जात नसे आणि रोगी वाचत नसे.

खऱ्या कारणाचा पत्ता आसामात लागलाच नाही. कलकत्त्याजवळ दमदम येथे इंग्रजांची छावणी होती. तेथे ताप येऊन मायदेशी परतलेला एक सैनिक इंग्लंडमध्ये मरण पावला. १९०० मध्ये डॉ. विल्यम लिशमन यांना त्याच्या प्लीहेत बारीक अंडाकृती कण दिसले. त्यांनी ते १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये डॉ. चार्ल्स डोनोव्हन यांना आपल्या रोग्यांच्या प्लीहेत तसेच कण सापडले. हा नवाच परजीवी होता. दोघांची नावे जोडून रॉस यांनी त्याचे लिशमानिया डोनोव्हानी असे नाव ठेवले. ज्या रॉस यांनी काही वर्षांपूर्वी या रोगाला मलेरिया म्हटले होते, त्यांनीच हे नवे नाव दिले. आपली चूक दिसल्यावर नवे सत्य स्वीकारणे हेही विज्ञानाचेच काम आहे.

कारण कळले, पण ओळखायचे कसे?

या वेळी उपेंद्रनाथ ढाक्याच्या वैद्यकीय शाळेत शिकवत होते. १९०१ मध्ये ते तेथे गेले आणि सर नील कॅम्पबेल यांच्या हाताखाली काम करताना त्यांचे लक्ष या तापाकडे वळले. १९०५ मध्ये त्यांची बदली कलकत्त्याच्या कॅम्पबेल वैद्यकीय शाळेत झाली. त्या संस्थेला आज नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज म्हणतात. तेथे त्यांनी अठरा वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले आणि रुग्णालयातील रोगी पाहिले.

परजीवी सापडला म्हणजे अडचण संपली असे कोणालाही वाटेल. पण रोग्याच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरची अडचण संपलेली नव्हती. मलेरियाचे परजीवी बोट टोचून काढलेल्या थेंबभर रक्तात दिसतात. काळ्या आजाराचे परजीवी रक्तात क्वचितच दिसतात. ते प्लीहा, यकृत आणि हाडांतील मगज यांत, पेशींच्या आत लपून राहतात. त्यांना पाहायचे तर पोटातून सुई घालून प्लीहेतील थोडा अंश काढावा लागे. प्लीहा रक्ताने भरलेली असते आणि या रोगात रक्त लवकर गोठतही नाही. सुईने आत रक्तस्राव होऊन रोगी दगावण्याचे भय असे. शिवाय त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा आणि दोन-तीन सहस्रांश मिलिमीटर आकाराचे कण ओळखणारा अनुभवी डोळा हवा. आसामातील चहाच्या मळ्यावर किंवा बंगालच्या खेड्यात हे सर्व कोठून आणायचे?

मग डॉक्टर लक्षणांवरून अंदाज करीत. पण ताप आणि वाढलेली पांथरी मलेरियातही असते. दीर्घ ताप विषमज्वरातही असतो. ताप आणि वजन घटणे क्षयरोगातही असते. एक फरक अनुभवी डॉक्टरांना माहीत होता, तो म्हणजे काळ्या आजाराच्या रोग्याला ताप असूनही पुष्कळदा भूक लागते आणि तो हिंडता-फिरता राहतो. त्यामुळेच तो डॉक्टरकडे उशिरा येई.

येथे उपेंद्रनाथांचे रसायनशास्त्र उपयोगी पडले. या रोगात रक्तातील ग्लोब्युलिन नावाची प्रथिने खूप वाढतात. ही प्रथिने शुद्ध पाण्यात विरघळून राहत नाहीत. रोग्याच्या रक्तातील सीरम वेगळे काढून त्यात काही पट ऊर्ध्वपातित पाणी मिसळले तर ते गढूळ होते आणि साका दिसू लागतो. निरोगी माणसाच्या सीरममध्ये तसे होत नाही. उपेंद्रनाथांनी यावरून रोगाची चाचणी तयार केली. ना प्लीहेत सुई, ना सूक्ष्मदर्शक. एक काचेची नळी आणि शुद्ध पाणी पुरे.

पुढे कलकत्त्यातच डॉ. नेपियर यांनी फॉर्मालिनची चाचणी पुढे आणली. सीरममध्ये फॉर्मालिनचा थेंब टाकला की ते उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखे घट्ट होते. ती चाचणी खेड्यापाड्यांत अनेक दशके वापरात राहिली. परंतु या चाचण्यांनाही मर्यादा होत्या. परजीवी त्यांत दिसत नाही, फक्त त्याने शरीरात घडवलेला बदल दिसतो. तो बदल होण्यास काही महिने लागतात, म्हणून रोगाच्या सुरुवातीला चाचणी केली तर ती नकार देते. आणि ग्लोब्युलिन दुसऱ्या काही रोगांतही वाढते. तात्पर्य, चाचणीचा अर्थ लावायला डॉक्टरची बुद्धी लागतेच.

कंदिलाच्या उजेडातील खोली

रोग ओळखला तरी औषध काय? १९१५ मध्ये इटलीतील आणि भारतातील डॉक्टरांनी टार्टर एमेटिक हा अँटिमनीचा क्षार शिरेतून देण्यास सुरुवात केली. अँटिमनी म्हणजे जुन्या काळी सुरम्यात वापरला जाणारा धातू. या औषधाने रोगी बरे होत, पण उपचार दोन-तीन महिने चालत. खोकला, उलट्या होत आणि औषधाचे विष शरीराला बाधे. पुष्कळ रोगी कंटाळून अर्ध्यातच घरी निघून जात.

उपेंद्रनाथांनी अँटिमनीची अशी संयुगे तयार करण्याचे ठरवले जी परजीवीला मारतील पण रोग्याला कमी त्रास देतील. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने त्यांना अनुदान दिले. याच संस्थेचे रूपांतर पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेत झाले. पण प्रयोगशाळा कोठे होती? कॅम्पबेल रुग्णालयातील एक लहानशी खोली. तेथे गॅस नव्हता, नळाचे पाणी नव्हते, वीज नव्हती. दिवसा शिकवणे आणि रोगी पाहणे, आणि मग रात्री उशिरापर्यंत कंदिलाच्या उजेडात प्रयोग. एका संयुगाने निराशा केली की दुसरे, असे करत १९२० मध्ये त्यांनी युरिया आणि अँटिमनीचे एक संयुग तयार केले. त्याचे नाव युरिया स्टिबामाइन. १९२२ मध्ये त्यांनी पहिल्या रोग्यांवरील उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्यांचा उपचार काही आठवड्यांवर आला आणि रोगी टिकून राहू लागले. जेथे शंभरातील नव्वदाहून अधिक रोगी मरत, तेथे शंभरातील सुमारे नव्वद वाचू लागले. आसामच्या मळ्यांवर आणि खेड्यांत हे औषध मोठ्या प्रमाणावर पोचले.

आपल्या शाळेत सुविधा कमी आहेत, अशी तक्रार माझ्याकडे येते आणि ती पुष्कळदा खरी असते. विश्वस्त मंडळ ती दूर करण्याचा प्रयास करतेच. पण सुविधा येईपर्यंत काम थांबवायचे नसते, हे त्या खोलीकडे पाहून कळते.

बरा झालेला रोगी परत आला

याच काळात उपेंद्रनाथांनी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि माझ्या मते त्यात त्यांचा खरा मोठेपणा दिसतो. काळ्या आजारातून बरे झालेल्या काही रोग्यांच्या अंगावर महिन्यांनी किंवा वर्षांनी फिके डाग आणि गाठी उठत. ताप नाही, पांथरी वाढलेली नाही, दुखत नाही, खाजत नाही. पाहणाऱ्याला तो कुष्ठरोग वाटे. त्या काळी कुष्ठरोगाचा शिक्का बसणे म्हणजे घर आणि गाव दोन्ही सुटणे.

उपेंद्रनाथांनी त्या गाठींतील अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात काळ्या आजाराचेच परजीवी होते. रोग प्लीहेतून गेला होता पण त्वचेत राहिला होता. १९२२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे कळले की असे रोगी फार महत्त्वाचे असतात. त्यांना स्वतःला त्रास नसतो म्हणून ते दवाखान्यात जात नाहीत, आणि त्यांच्या त्वचेतील परजीवी इतरांपर्यंत पोचत राहतात.

ज्या डॉक्टरने स्वतः औषध शोधले आहे, त्याला आपला बरा केलेला रोगी पूर्ण बरा झालेला नाही असे सांगणे सोपे नसते. उपेंद्रनाथांनी ते छापून जगासमोर मांडले.

मान-सन्मान आणि इंदूर

१९२३ मध्ये ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात गेले आणि १९२७ मध्ये सरकारी सेवेतून निवृत्त झाले. पुढे कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजात, त्यांनी उष्ण कटिबंधातील रोगांचे प्राध्यापक म्हणून काम केले. १९२४ मध्ये त्यांनी आपल्या राहत्या घरात ब्रह्मचारी संशोधन संस्था सुरू केली. कलकत्त्यातील रक्तपेढी उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता. १९२९ मध्ये नोबेल पुरस्कारासाठी त्यांच्या नावाची शिफारस झाली, पण पुरस्कार मिळाला नाही. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

आणि आता इंदूर. १९३६ मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन आपल्या शहरात भरले होते. तेव्हा येथे होळकरांचे राज्य होते. देशातील वैज्ञानिक त्या अधिवेशनासाठी इंदूरला आले आणि त्यांचे अध्यक्ष होते सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी. आपल्यापैकी कोणाच्या आजोबा-पणजोबांकडे त्या अधिवेशनाचे छायाचित्र किंवा वर्तमानपत्राचे कात्रण असेल तर कृपया शाळेच्या ग्रंथालयाला पाहण्यास द्यावे. आम्ही प्रत काढून मूळ परत करू.

६ फेब्रुवारी १९४६ रोजी उपेंद्रनाथांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर

हा रोग पसरतो कसा हे त्यांच्या हयातीतच, १९४२ मध्ये, सिद्ध झाले. वाळूमाशी, जिला हिंदीत बालू मक्खी म्हणतात, ती चावल्याने परजीवी एका माणसातून दुसऱ्यात जातो. स्वातंत्र्यानंतर मलेरियासाठी घरोघरी डी. डी. टी. फवारले गेले, त्यात वाळूमाश्याही मेल्या आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि १९७० च्या दशकात तो बिहारमध्ये पुन्हा उसळला. उपेंद्रनाथांचे शालेय शिक्षण ज्या राज्यात झाले, तेथेच पुढे अँटिमनीची औषधे मोठ्या प्रमाणावर निकामी ठरू लागली, कारण परजीवी त्यांना दाद देईना. मग दुसरी औषधे आली.

रोग ओळखण्यासाठीही नवे साधन आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कागदी पट्टीची चाचणी वापरात आली. बोटातील थेंबभर रक्त, आणि दहा-पंधरा मिनिटांत उत्तर. ताप दोन आठवड्यांहून अधिक राहिला आणि पांथरी वाढली असेल तर रोगग्रस्त भागात ही चाचणी खेड्यातच करतात. पण याही पट्टीला जुनीच मर्यादा आहे. ती परजीवी दाखवत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये दाखवते. रोग बरा झाल्यावरही ती प्रतिद्रव्ये वर्षानुवर्षे राहतात. म्हणून एकदा रोग झालेल्या माणसाला पुन्हा ताप आला तर पट्टीवरून निर्णय करता येत नाही. तेव्हा आजही प्लीहा किंवा हाडातील मगज तपासावा लागतो.

२०२३ मध्ये बांगलादेश हा सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून काळ्या आजाराचे निर्मूलन करणारा जगातील पहिला देश ठरला. भारतातही बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांतील रोग्यांची संख्या अतिशय कमी झाली आहे. पण संख्या कमी झाली की एक नवी अडचण येते. तरुण डॉक्टरांनी असा रोगी पाहिलेलाच नसतो, आणि न पाहिलेला रोग चटकन सुचत नाही.

पालकांना आणि शिक्षकांना विनंती

काळा आजार आपल्या भागातील नेहमीचा रोग नाही, तेव्हा कोणी घाबरू नये. पण मुलाचा ताप आठवड्याहून अधिक राहिला तर घरात उरलेले जुने औषध देऊ नका, डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील ती तपासणी करून घ्या. आपले कुटुंब नुकतेच दुसऱ्या प्रांतात राहून किंवा प्रवास करून आले असेल तर डॉक्टरांना ते न विचारता सांगा. ज्यांच्या घरी कामाला येणारे किंवा शेजारी बिहार-झारखंडकडचे आहेत, त्यांनी ही माहिती त्यांनाही सांगावी. एका चाचणीत काही निघाले नाही आणि त्रास मात्र चालू आहे, तर पुन्हा जायला संकोच करू नका.

शिक्षकांना एक विनंती आहे, आणि ती मी सर्वांत आधी स्वतःला करते. या सत्रापासून कोणत्याही मुलाच्या प्रगतिपत्रकावर आळशी हा शब्द लिहू नये. मूल सतत झोपत असेल, थकत असेल, फळ्यावरचे उतरवत नसेल, तर आधी पालकांना बोलवावे, मुलाला विचारावे आणि गरज वाटल्यास तपासणीचा सल्ला द्यावा. पत्रकावर काय लिहायचे ते त्यानंतर ठरवू.

जंतनाशक गोळीचा दिवस सूचना फलकावर लावला जाईल. त्या दिवशी ज्या मुलाला ताप किंवा अन्य आजार असेल त्याने वर्गशिक्षकांना तसे सांगावे, त्याला गोळी नंतर दिली जाईल. बाकी सर्वांनी डबा खाऊन मग गोळी नीट चावून घ्यावी. पालकांच्या काही शंका असतील तर शाळेच्या वेळेत मला येऊन भेटावे.

आपली,
प्राचार्या